नवी पुस्तकं वाचकाच्या हाती: कॉलेजच्या ग्रंथालयासाठी एक कृती

नांदेड-लातूरच्या बहुतेक मोठ्या कॉलेजांत सकाळी दहाच्या पुढे अभ्यासिकेत जागा मिळणं अवघड असतं. मुलं-मुली मान खाली घालून बसलेली असतात. पुढ्यात नीटचे प्रश्नसंच, एमपीएससीचे ठोकळे आणि झेरॉक्सच्या नोट्स. त्याच दालनाच्या पलीकडच्या भिंतीला ग्रंथांची कपाटं असतात आणि तिथे कुणी फिरकत नाही. दरवर्षी त्या कपाटांत नवी भर पडते, बिलं पास होतात, दाखल नोंदवहीत आकडे चढतात. अभ्यासिकेतल्या मुलाला मात्र कॉलेजात या वर्षी नवं काय आलं याचा पत्ताच नसतो.

परीक्षेचा अभ्यास आणि अवांतर वाचन यांचं वैर आहे असं आपल्याकडे धरून चालतात. मला ते मान्य नाही. परीक्षेच्या तयारीचा ‘लातूर पॅटर्न’ ज्या राजर्षी शाहू महाविद्यालयाच्या नावाशी जोडला गेला, तिथले प्राचार्य जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतल्या काळ्या लेखकांच्या साहित्याचा आणि संस्कृतीचा मराठीत अभ्यास मांडला. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं तेव्हा पहिले कुलगुरूही तेच. नांदेडच्याच पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर साहित्यावर लिहीत, राजकारणावर लिहीत आणि नाट्यशास्त्र, संगीत, मनुस्मृती यांवरही तितक्याच अधिकाराने बोलत. आपल्या भागाला व्यापक वाचनाची परंपरा आहे. ती चालू ठेवायची तर ग्रंथालयात आलेली प्रत्येक नवी वस्तू वाचकाच्या हातापर्यंत पोचवण्याची पक्की रीत हवी. पुढची कृती त्यासाठी आहे. ती ग्रंथपालांसाठी आहे, तशीच ग्रंथालय समितीवरच्या प्राध्यापकांसाठीही.

आधी जमवाजमव

फार काही लागत नाही. एक जाड मागणी वही, मुखपृष्ठं दिसतील अशी उतरती फळी, युनिकोडमध्ये मराठी टाइप होणारा संगणक आणि चांगला आवाज टिपणारा एखादा फोन. ‘कमवा आणि शिका’ योजनेतले दोन विद्यार्थी ग्रंथालयाकडे मागून घ्या. प्राचार्यांकडून एक लेखी परवानगी घेऊन ठेवा: प्रत्येक वर्गाचा सत्रातला एक तास ग्रंथालयाला मिळेल. ही परवानगी पैशांपेक्षा मोलाची आहे, म्हणून ती जूनमध्येच पदरात पाडून घ्यावी.

पायरी पहिली: यादी कुणी करायची

विभागप्रमुख यादी देतात, समिती मंजूर करते, पुरवठादार पुस्तकं आणून टाकतो. या साखळीत विद्यार्थी कुठेच नाही. म्हणून मागणी वही ग्रंथपालांच्या टेबलावर न ठेवता अभ्यासिकेच्या दाराशी, दोरी बांधलेल्या पेनासह ठेवा. रकाने तीनच: पुस्तकाचं किंवा विषयाचं नाव, मागणाऱ्याचं नाव, वर्ग. विषय लिहिला तरी चालतो, हे वरच ठळक लिहा. पहिल्या वर्षाच्या मुलीला पुस्तकाचं नाव ठाऊक नसतं. तिला ‘बचत गटाचे हिशोब’ किंवा ‘शेळीपालन’ एवढंच माहीत असतं. त्यावरून पुस्तक शोधणं हे ग्रंथपालांचं काम.

दर पंधरा दिवसांनी वही वाचा आणि प्रत्येक मागणीपुढे लाल शाईने उत्तर लिहा: ‘आहे, अमुक कपाट’, ‘मागवलं’, ‘या वर्षी जमणार नाही’. नकार मिळाला तरी मुलं परत लिहितात. उत्तरच मिळालं नाही तर मात्र वही महिन्याभरात मरते.

नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आला आणि खुल्या निवडीचे, कौशल्याचे, भारतीय ज्ञानपरंपरेचे कितीतरी नवे विषय एकदम उभे राहिले. यांपैकी बऱ्याच विषयांवर मराठीत धड पुस्तक नाही. अशा वेळी केवळ यादी भरण्यासाठी इंग्रजीतले महागडे ग्रंथ घेऊ नयेत. मराठी माध्यमातून आलेला मुलगा ते उघडत नाही. त्यापेक्षा मराठीतली दोन साधी पुस्तकं आणि शिक्षकासाठी इंग्रजीतला एक चांगला संदर्भग्रंथ घ्यावा.

जिल्ह्याचा ग्रंथोत्सव भरतो तेव्हा चार-पाच विद्यार्थ्यांना सोबत न्या आणि ठरावीक रक्कम त्यांच्या निवडीसाठी मोकळी ठेवा. मुलांनी स्वतः निवडलेलं पुस्तक वर्गात आपोआप फिरतं. शासकीय प्रकाशनांचा गाळाही तिथे चुकवू नका. जिल्हा गॅझेटिअर, महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकरांचं समग्र वाङ्मय अशी मोलाची पुस्तकं रास्त दरात मिळतात. लातूरच्या मंडळींसाठी एक सूचना: लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबादमधून वेगळा झाला. त्याआधीची माहिती उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, जुन्या गॅझेटिअरमध्ये आहे. ते ग्रंथालयात नसेल तर मागणीत सगळ्यात वर लिहा.

पायरी दुसरी: मार्चमधली खरेदी थांबवा

आर्थिक वर्ष संपायला आलं की निधी खर्ची घालायची घाई होते. दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश, सगळं पंधरा दिवसांत उरकतं आणि मार्चअखेर गठ्ठे येऊन पडतात. तोवर परीक्षा तोंडावर असतात. मग नो ड्यूजची गडबड, मग उन्हाळी सुट्टी. जुलैत नवे विद्यार्थी येतात तेव्हा ती पुस्तकं चार महिन्यांची जुनी झालेली असतात आणि निम्म्यांची नोंदही झालेली नसते.

उपाय वेळापत्रकाचा आहे. समितीची पहिली बैठक जूनमध्ये घ्या. प्रवेश होऊन ग्रंथालय शुल्क जमा झालं की जुलैत पहिला आदेश द्या आणि वर्षाच्या रकमेतला निम्म्याहून अधिक भाग त्यात संपवा. दुसरा आदेश डिसेंबरात, म्हणजे दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला पुस्तकं हातात येतात. मार्चसाठी थोडीच रक्कम राखून ठेवा. ऐनवेळी आलेल्या मागण्यांना ती पुरते. लेखा विभाग सुरुवातीला कुरकुरेल. सत्र पद्धतीचं वेळापत्रक समोर ठेवा आणि ठराव इतिवृत्तात लिहून घ्या. दुसऱ्या वर्षी कुणी विचारत नाही.

पायरी तिसरी: गठ्ठा सोडल्यापासून आठ दिवस

गठ्ठा आला त्याच दिवशी सोडा. बिलाशी नावं, प्रती, आवृत्ती आणि किंमत ताडून पाहा. मग प्रत्येक पुस्तक चाळा. मराठी पुस्तकांत एखादा फर्मा गळालेला, उलटा बांधलेला किंवा कोरा सुटलेला असतो. बिल पास होण्याआधी दाखवलं तर पुरवठादार बिनतक्रार बदलून देतो, नंतर टोलवाटोलवी होते.

पुस्तक उघडण्याचीही रीत आहे आणि ती ‘कमवा आणि शिका’च्या मुलांना हाताला धरून शिकवावी. पुस्तकाची पाठ टेबलावर टेकवायची. आधी पुढचं पुठ्ठं खाली आणायचं, मग मागचं. त्यानंतर पुढून थोडी पानं, मागून थोडी पानं अशी बोटाने हलकी दाबत मधोमध यायचं. एकदम मध्यावर उघडून दाबलं की पाठीचा डिंक तडकतो आणि सहा महिन्यांत पानं सुटी होतात.

त्यानंतरचा क्रम सगळ्यांना माहीत आहे: शिक्का शीर्षकपानाच्या मागे आणि ठरलेल्या गुप्त पानावर, दाखल क्रमांक, तारीख पट्टी, बारकोड, पाठीवर वर्गांकाची चिठ्ठी. शिक्का चित्रावर किंवा मजकुरावर मारू नये. आठव्या दिवशी पुस्तक फळीवर दिसलं पाहिजे. एकदम दोनशे पुस्तकं आली तर सगळ्यांची नोंद संपायची वाट पाहू नका. मागणी वहीतल्या पुस्तकांपासून सुरुवात करा आणि पंचवीस-पंचवीसच्या तुकड्यांत बाहेर काढा.

पायरी चौथी: सापडेल अशी नोंद

इथे जरा थांबायला हवं, कारण मराठी पुस्तकं संगणकात हरवतात ती इथेच.

सॉफ्टवेअर कोहा असो किंवा इन्फ्लिबनेटचं सोल, मराठी नाव युनिकोडमध्येच टाका. जुन्या श्रीलिपी किंवा कृतीदेव फाँटात केलेली नोंद पडद्यावर मराठी दिसते, पण शोधात येत नाही. काही ठिकाणी मराठी नाव फक्त रोमन लिपीत टाकून मोकळे होतात. तेही अपुरं, कारण एकाच आडनावाची रोमन स्पेलिंगं प्रत्येक जण वेगवेगळी करतो.

युनिकोडमध्ये टाकलं तरी प्रश्न सुटत नाही. विद्यार्थी मराठवाडा मुक्तिसंग्रामावरचं पुस्तक शोधतो आहे असं समजा. पुस्तकावर ‘मुक्तिसंग्राम’ छापलंय, ति ऱ्हस्व. मुलगा फोनवर ‘मुक्तीसंग्राम’ टाइप करतो, ती दीर्घ. एखादी मुलगी ‘मुक्ती संग्राम’ असं तोडून लिहिते. संगणकाच्या लेखी हे तीन वेगळे शब्द. दोघांना उत्तर मिळतं, ‘काही सापडलं नाही’, आणि पुस्तक चार हातांवर उभं असतं. ‘कुरुंदकर’ आणि ‘कुरूंदकर’ यांचंही तेच.

म्हणून प्रत्येक मराठी पुस्तकाच्या नोंदीत मूळ नाव छापल्याप्रमाणे ठेवा आणि पर्यायी नावाच्या क्षेत्रात, मार्क पद्धतीत २४६ क्रमांकाच्या, लोक जसं टाइप करतात ती रूपं टाका. एक रोमन रूपही तिथेच द्या. लेखकाच्या नावाचं एकच प्रमाण रूप ठरवून त्याची यादी भिंतीला लावा. नोंद करणारा बदलला तरी रूप बदलता कामा नये. परभणीचे बी. रघुनाथ यांचं पूर्ण नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी. तेव्हा ‘कुलकर्णी’ शोधणाऱ्यालाही ‘रघुनाथ, बी.’ इकडे पाठवणारी नोंद हवी.

नांदेडला उर्दू वाचणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत, आणि निजामाच्या काळातली कागदपत्रंही उर्दूत आहेत. उर्दू पुस्तकाचं नाव उर्दू लिपीत टाका आणि सोबत देवनागरीतही द्या. वाचकाला पहिलं उपयोगी पडतं. कपाटातून पुस्तक काढून देणाऱ्या मामांना दुसरं. देगलूर, बिलोली, धर्माबादकडच्या कॉलेजांनी तेलुगूसाठी आणि उदगीर, निलंगा, देवणीकडच्यांनी कन्नडसाठी हेच करावं.

पायरी पाचवी: फळी आणि तीन ओळी

नव्या पुस्तकांची फळी कुठे ठेवायची? अभ्यासिकेत शिरताना प्रत्येकाला ओलांडावी लागेल अशी, आणि शक्यतो पाण्याच्या माठाजवळ, कारण तिथे मुलं दोन मिनिटं रेंगाळतात. पाणी उडणार नाही एवढं अंतर राखा. पुस्तकं पाठ दाखवत न ठेवता मुखपृष्ठ दाखवत ठेवा. एका वेळी पंचवीस-तीसच. त्याहून जास्त ठेवली की नजर कशावरच ठरत नाही. काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवू नका. मुलांनी हात लावला पाहिजे, चाळलं पाहिजे.

प्रदर्शन चालू असताना पुस्तक देत नाहीत, असा नियम पुष्कळ ठिकाणी आहे. त्याला आरक्षणाची जोड द्या. ज्याला हवं त्याने आत ठेवलेल्या चिठ्ठीवर नाव लिहावं. पंधरा दिवसांनी फळी बदलते तेव्हा पहिल्या नावाला पुस्तक जातं, आणि त्याला तसा फोन जातो.

प्रत्येक पुस्तकासोबत तीन ओळींची ओळख लिहा. मलपृष्ठावरचा मजकूर उतरवू नये. वाचकाला त्याच्या गावाकडून किंवा गरजेकडून पुस्तकात नेणारं वाक्य हवं. नमुन्यासाठी सेतुमाधवराव पगडी यांचं ‘जीवनसेतू’ घ्या. ओळख अशी लिहिता येईल: ‘१९१० साली निलंग्यात जन्मलेला मुलगा हैदराबाद संस्थानात अधिकारी होतो, फारसी साधनं वाचून शिवकाळाचा इतिहास लिहितो, आणि गोंडी-कोलामी शिकून त्यांवर पुस्तकंही लिहितो. आपल्या किनवटकडे या भाषा आजही बोलल्या जातात. त्याने स्वतः सांगितलेली ही गोष्ट.’ निलंग्याची मुलगी आणि किनवटचा मुलगा दोघंही हे पुस्तक हातात घेतील.

याच तीन ओळी मुखपृष्ठाच्या फोटोसह वर्गांच्या व्हॉट्सअॅप गटांवर जाऊ द्या. आठवड्याला एकच पुस्तक आणि तेही ठरलेल्या वारी. रोज दहा फोटो टाकले की गट म्यूट होतो. आणि ओळख शक्यतो विद्यार्थ्याने लिहावी, खाली त्याचं नाव आणि वर्ग असावा. ‘सर, ते बुधवारी टाकलेलं पुस्तक भेटंल का?’ असं विचारत कुणी खिडकीशी आलं, की ही पायरी जमली.

पायरी सहावी: न दिसणारी पुस्तकं

ई-साधनांची गोष्ट आणखी अवघड. ती फळीवर मांडता येत नाहीत, म्हणून ती आहेत हेच कळत नाही. महाविद्यालयांसाठीची एन-लिस्ट योजना २०१० पासून आहे. कॉलेज वार्षिक शुल्क भरतं, हजारो नियतकालिकं आणि लाखो ई-पुस्तकं खुली होतात, आणि पुष्कळदा लॉगिन फक्त प्राध्यापकांनाच दिलेलं असतं, तेही वार्षिक अहवालापुरतं. विद्यार्थ्यांनाही द्या. प्रवेश अर्जातून ईमेल पत्ते घ्या आणि जुलै-ऑगस्टातच एकगठ्ठा खाती उघडा.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ साठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० नियतकालिकं असा तिचा आवाका आहे. योजना सरकारी व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे, तेव्हा आपलं कॉलेज त्यात बसतं का हे ग्रंथपालांनी योजनेच्या पोर्टलवर पाहून घ्यावं. बसत असेल तर नोंदणी लगेच करावी.

विनाशुल्क साधनंही खूप आहेत. आयआयटी खरगपूरने उभारलेली नॅशनल डिजिटल लायब्ररी, मराठी विश्वकोश, साहित्य आणि संस्कृती मंडळाने संकेतस्थळावर ठेवलेली पुस्तकं, आणि पीएचडीच्या प्रबंधांचं भांडार असलेलं शोधगंगा. आमच्या मुलांना सगळ्यात जवळचं वाटेल ते शोधगंगा, कारण त्यात आपल्या विद्यापीठाचे प्रबंध आहेत. आपल्याच तालुक्यांवर, पिकांवर, बोलींवर, लेखकांवर झालेलं काम आहे.

वर्गाला मिळालेल्या ग्रंथालयाच्या तासाला हे शिकवताना व्याख्यान देऊ नका. वीस विद्यार्थी, प्रत्येकाच्या हातात स्वतःचा फोन आणि अर्धा तास. शोधगंगा उघडायला लावा, विद्यापीठांच्या यादीतून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निवडायला सांगा, मग स्वतःचा विभाग. प्रबंध प्रकरणवार वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतो, त्यामुळे सगळा उतरवायची गरज नाही. आधी अनुक्रमणिका, मग शेवटची संदर्भसूची. सूचीतली पाच पुस्तकं वहीत लिहायची आणि लगेच आपल्या कपाटात शोधायला पाठवायचं. पडद्यावरून कपाटापर्यंतची ही चाल एकदा पायाखालची झाली की मुलगा पुन्हा विचारायला येत नाही. एकही विद्यार्थी रिकाम्या फोनने बाहेर पडता कामा नये. प्रत्येकाने एक प्रकरण, एक लेख किंवा एक नोंद उतरवून घेतलीच पाहिजे. नेट दगा देतं आणि वीजही जाते, तेव्हा नमुन्याच्या फाइली आदल्या दिवशी उतरवून ठेवा.

दृष्टिबाधित विद्यार्थी असेल तर एका संगणकावर एनव्हीडीए हा मोफत पडदावाचक बसवा आणि २०१६ साली सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालया’वर त्याची नोंदणी करून द्या. अख्ख्या कॉलेजात असा एकच विद्यार्थी असला तरी हे काम आधी करावं.

एक इशारा. अख्खं पुस्तक स्कॅन करून गटावर टाकणं कायद्याला धरून नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क टिकतो. कुरुंदकर १९८२ साली गेले, त्यांची पुस्तकं विकतच घ्यावी लागतील. बी. रघुनाथ १९५३ साली गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन आता मुक्त आहे. जुनी जीर्ण प्रत जपण्यासाठी ते स्कॅन करून विद्यार्थ्यांना देता येतं, आणि कुणीतरी ते करायला हवं.

पायरी सातवी: उपक्रम

ग्रंथालयाच्या वर्षात ठरलेले दिवस आहेत: १२ ऑगस्टला डॉ. एस. आर. रंगनाथन यांची जयंती म्हणून ग्रंथपाल दिन, १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. प्रतिमापूजन, पाहुण्यांचं भाषण, आभार आणि फोटो एवढ्यावर हे दिवस संपवू नयेत. प्रत्येक दिवसाला नव्या पुस्तकांची एक फळी जोडा. १७ सप्टेंबरला स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी आणि अनंत भालेरावांचं हैदराबादच्या लढ्यावरचं पुस्तक मांडा, पण त्यांच्या शेजारी या वर्षी आलेलं मराठवाड्यावरचं नवं पुस्तकही ठेवा.

दिवसांपेक्षा नेमाने होणारा छोटा उपक्रम मला जास्त भरवशाचा वाटतो. शनिवारी वीस मिनिटं, दोन विद्यार्थी, प्रत्येकी एक पुस्तक. काय आवडलं, काय पटलं नाही आणि कुठलं पान आधी उघडावं, एवढंच बोलायचं. कागद हातात घ्यायचा नाही. स्पर्धा परीक्षेवाल्यांना मुद्दाम बोलवा. मुलाखतीची तयारी म्हणून का होईना, ते येतात.

वेळ मात्र अकरा ते एकच्या दरम्यानच ठेवा. मुखेड, कंधार, लोह्याहून नांदेडला किंवा औसा, रेणापूर, चाकूरहून लातूरला एसटीने येणाऱ्या मुलींना चारचा कार्यक्रम जमत नाही. चार वाजता ठेवलेल्या उपक्रमात शहरातलीच मुलं दिसतात आणि मग आपण म्हणतो, खेड्यातल्या मुलांना वाचनाची आवड नाही.

पायरी आठवी: तीन महिन्यांनी हिशोब

फळीवरून उतरलेल्या पुस्तकांची यादी काढा आणि एकदाही घरी न गेलेली वेगळी करा. कारणं शोधताना पुस्तक प्रत्यक्ष हातात घ्या. कधी चुकीच्या कपाटात लागलेलं असतं, कधी भाषा अवघड असते, कधी ज्या सरांनी मागवलं त्यांनीच वर्गात नाव घेतलेलं नसतं. सरांना जाऊन भेटा, वर्गात पाच मिनिटं मागा. तरीही न हललेली पुस्तकं पुढच्या सत्रात एकदा पुन्हा फळीवर आणा. हा कागद समितीपुढे ठेवा. पुढची यादी त्यातून सुधारते.

पायरी नववी: जे विकत मिळत नाही

शेवटची पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ग्रंथालयात येणारं नवं साधन प्रकाशकाकडूनच यायला हवं असं नाही. ग्रंथालय ते स्वतः तयार करू शकतं, आणि आपल्या भागात त्याची निकड आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्यावर अहवाल आहेत, भूगर्भशास्त्राचे लेख आहेत. पण त्या रात्री घरात कोण कुठे झोपलं होतं, दगडमातीच्या भिंती कशा रचल्या होत्या, पुनर्वसनाच्या गावात पहिली चूल कधी पेटली, हे सांगणाऱ्यांचे आवाज आपल्या कॉलेजात नाहीत. रझाकारांच्या, म्हणजे मुक्तिसंग्रामाच्या, काळाचंही तसंच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं; त्या उन्हाळ्यात घरात घागरी कशा मोजल्या जात, हे आजच्या विद्यार्थ्यांना स्वतःलाच आठवत असेल.

कृती अशी. दिवाळीच्या सुट्टीत इच्छुक विद्यार्थ्यांना आपल्या घरातल्या किंवा गावातल्या एका वडीलधाऱ्या माणसाशी बोलायला पाठवा. आधी संमतीपत्र: नाव द्यायचं की नाही, आवाज कुणाला ऐकवायचा, हे बोलणाऱ्याने ठरवायचं. त्यांना लिहिता येत नसेल तर संमती रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तोंडी घ्या. पंखा बंद, फोन उशीवर, माणसापासून हातभर अंतरावर. पहिला प्रश्न मोठा नको. ‘काका, भूकंपाबद्दल सांगा’ म्हटलं तर पेपरातलंच ऐकायला मिळतं. ‘विसर्जनाहून घरी आल्यावर काय केलंत?’ असं विचारा आणि मग गप्प बसा. कुणाचा गळा दाटून आला तर फोन बंद करा, पुन्हा सुरू करायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या. अर्धा तास पुरतो.

उतरवून काढताना बोली सुधारू नका. ‘गेल्तो’, ‘येल्तो’, ‘करायलोय’ जसं म्हटलं तसंच लिहा. फाइलला तारीख, गाव आणि विषय असं नाव द्या, दोन वेगवेगळ्या ठिकाणी साठवा आणि पुस्तकासारखाच दाखल क्रमांक देऊन सूचीत चढवा. पुढच्या सप्टेंबरच्या फळीवर पुस्तकांशेजारी ही यादीही लागू दे.

या कामाला निधी लागत नाही, ठरावही लागत नाही. वेळ मात्र थोडा उरलाय. १९४८ साली दहा वर्षांचं असलेलं माणूस आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. मुक्तिसंग्रामाच्या आठवणींपासून सुरुवात करा, आणि ती याच दिवाळीत करा.